टुकार सिनेमा मन लावून कसा बघावा

काळी केप पांघरलेला एक माणूस स्मशानातून चालत येतो. एका हाताने त्याने केपचं टोक नाकापर्यंत उचलून धरलंय. पुढच्या दृश्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही. हा माणूस तोंड दाखवतच नाही, कारण ही भूमिका त्याची नाहीच. ती होती १९३१ सालच्या सिनेमात ड्रॅक्युला झालेल्या नटाची, बेला लुगोसीची. लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. दिग्दर्शक एड वूडकडे त्याचं काही मिनिटांचं चित्रण उरलं होतं आणि ते टाकून द्यायला त्याचं मन धजत नव्हतं. मग त्याने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीमणक्यावर उपचार करणाऱ्या माणसाला, केप घालून उभं केलं. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच, चेहऱ्यात काडीचं साम्य नाही. म्हणून केप तोंडावर.

हा सिनेमा म्हणजे 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' (१९५९). १९८० साली मेडवेड बंधू या दोन अमेरिकन लेखकांच्या पुस्तकात त्याला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा असा किताब मिळाला आणि तेव्हापासून लोक तो शोधून शोधून बघतायत. मी तो पाचेक वेळा तरी बघितला असेन. केपवाला आला की अजूनही मला आधी हसू येतं, आणि लगेच मागून गलबलून येतं. गेलेल्या मित्राची शेवटची चार दृश्यं वाया जाऊ नयेत म्हणून कुणीतरी किती धडपडलंय, ते पडद्यावर स्पष्ट दिसत असतं.

टुकार सिनेमातला खरा आनंद इथे आहे, असं माझं पक्कं मत आहे. तो मिळवायची एक रीत आहे. ती पाळली नाही तर दीड तास नुसता वाया जातो आणि 'लोकांना यात काय मिळतं कोण जाणे' म्हणत आपण उठतो. बरीच वर्षं असे सिनेमे एकट्याने आणि चारचौघांत बघून जी रीत माझ्या हाती लागली, ती इथे पायरीपायरीने मांडतो.

पायरी १: वाईटातलं वाईट वेगळं काढा

पहिली चूक इथेच होते. वाईट सिनेमा म्हणून लोक कुठलाही वाईट सिनेमा लावतात. पण वाईट सिनेमांच्या दोन जाती आहेत आणि त्या ओळखायला आपल्या भाषेत शब्द तयार आहेत. काही सिनेमे पाट्या टाकून केलेले असतात. कुणाला काही सांगायचं नसतं. तारखा मिळाल्या, पैसे आले, काम उरकलं. असा सिनेमा रटाळ असतो, त्यात हसण्यासारखंही काही सापडत नाही. दुसऱ्या जातीचे सिनेमे जीव ओतून केलेले असतात आणि तरीही सपशेल फसलेले असतात. आपल्याला हवेत ते हे.

फ्रेंच लोकांनी या दोन जातींना दोन नावंच देऊन टाकली आहेत. रटाळ, बेचव सिनेमाला ते 'नावे' म्हणतात, शब्दशः सलगम. आणि ज्याच्या वाईटपणावर जीव जडतो त्याला 'नानार'. असा भेद रोजच्या बोलण्यात असणं मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे 'वाईट आहे' एवढं म्हणून कुणी थांबत नाही. कसं वाईट, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

सिनेमा लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी तीन गोष्टी तपासतो. बनवणाऱ्याला काहीतरी मनापासून सांगायचंय का? त्याची उडी त्याच्या ऐपतीबाहेरची आहे का? आणि पुढच्या क्षणी काय होईल हे मला आधीच कळतंय का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' असेल तर बसा निवांत. तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची. पाट्या टाकलेल्या सिनेमात प्रत्येक गोष्ट ठरल्याप्रमाणे होते. जीव ओतून फसलेल्या सिनेमात बनवणाऱ्याला सिनेमाचं व्याकरणच नीट ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे काहीही होऊ शकतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण या मंडळींनी कधी मानलेलीच नसते.

मग मुद्दाम वाईट बनवलेल्या सिनेमांचं काय? वावटळीतून शार्क उडत येतात तो 'शार्कनेडो' (२०१३) त्यातलाच. आपण काय करतोय हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो बघायला माझी हरकत नाही, पण तिथे आपल्याला हसवायचं आधीच ठरलेलं असतं, आपण काही शोधून काढत नाही. अमेरिकन लेखिका सुझन सोन्टॅगने १९६४ साली 'कॅम्प' या, म्हणजे भडक, अतिरंजित गोष्टींत गंमत घेणाऱ्या अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात हा फरक नेमका पकडलाय. अस्सल कॅम्प भाबडा असतो, तो पूर्ण गांभीर्याने केलेला असतो आणि त्याचं गांभीर्य फसलेलं असतं, असा तिच्या म्हणण्याचा आशय. सुरुवात करणाऱ्याने मुद्दाम केलेले सिनेमे निदान पहिले काही महिने बाजूला ठेवावेत. त्यांनी जिभेची चव बिघडते.

पायरी २: पहिला सिनेमा विचार करून निवडा

माझा सल्ला एकच: टॉमी वायझोचा 'द रूम' (२००३). लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक, सगळं तोच. खर्च सुमारे ६० लाख डॉलर. लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शित झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत गल्ला जमला जेमतेम १,८०० डॉलर. कथा अगदी घरगुती: एक भला माणूस, त्याची होणारी बायको आणि त्याचा जिवलग मित्र, यांच्यातला विश्वासघात. वायझोने चित्रीकरणाची सामग्री भाड्याने न घेता विकत घेतली आणि फिल्मचा कॅमेरा आणि डिजिटल कॅमेरा शेजारी शेजारी बसवून एकच दृश्य दोन्हींवर टिपलं. इमारतीची गच्ची म्हणून सेट उभारला आणि मागचं सॅन फ्रान्सिस्को शहर हिरव्या पडद्यावर नंतर चिकटवलं. एवढी उमेद आणि एवढी अजब समज एकाच माणसात एकत्र आल्याचं दुसरं उदाहरण मी बघितलेलं नाही. एक सूचना मात्र आधीच देतो: पहिल्या अर्ध्या तासात लांबलचक शय्यादृश्यं आहेत, तेव्हा सोबत कोण बसलंय ते बघून लावा.

दुसरा 'ट्रोल टू' (१९९०). नावात ट्रोल, म्हणजे युरोपी लोककथांतला राक्षस आहे, सिनेमात एकही ट्रोल नाही. आहेत ते गॉब्लिन, त्याच लोककथांतले दुष्ट बुटके. 'ट्रोल' नावाच्या आधीच्या सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही. इटालियन दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागास्सोने तो अमेरिकेत युटामध्ये, स्थानिक हौशी नटांना घेऊन चित्रित केला. बहुतेक तंत्रज्ञांना इंग्रजी जेमतेम यायचं. संवाद मात्र लिहिलेत तस्सेच म्हणायचे, असा दिग्दर्शकाचा आग्रह. आता कथेचं मूळ बघा. पटकथालेखिका रोसेला द्रुदीचे काही मित्र शाकाहारी झाले होते आणि तिला त्याचा वैताग आला होता. त्या वैतागातून असे शाकाहारी राक्षस जन्माला आले, जे माणसाला आधी वनस्पती बनवतात आणि मग खातात. एखाद्याच्या मनातला किरकोळ राग असा अख्ख्या भयपटाचा पाया झालेला बघणं हा वेगळाच अनुभव आहे.

'प्लॅन नाइन' तिसरा ठेवा. तो जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे, पण कृष्णधवल आणि संथ असल्यामुळे नजर थोडी तयार झालेली बरी. आणि 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' (१९६६) अगदी शेवटी. तो सव्वा तासाच्या आत संपतो, पण बघणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. त्याच्याविषयी पुढे सांगतोच.

हिंदीत बघायचं असेल तर 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' (२००२) घ्या. नामवंत नटांची इतकी मोठी फौज आणि त्यांच्यावर सूड उगवणारा, हवी ती रूपं घेणारा नाग. महत्त्वाकांक्षेत कुठेही कसर नाही.

पायरी ३: बसण्याआधीची तयारी

माणसं तीन ते सहा. दोघांत हशा चढत नाही आणि सातआठ जण झाले की गप्पाच सुरू होतात. त्यातल्या निदान एकाने सिनेमा आधी बघितलेला असावा, म्हणजे 'आता लक्ष द्या' असं सांगणारा कुणीतरी असतो. पण त्याने एवढंच सांगायचं, काय होणार ते फोडायचं नाही.

गाजलेल्या तुकड्यांच्या दोनतीन मिनिटांच्या क्लिप आधी बघू नका. हे मी कळकळीने सांगतो. 'द रूम'मधलं गच्चीवरचं दृश्य सुटं बघितलं तर गमतीचं वाटतं. सिनेमाच्या ओघात येतं तेव्हा आपण खुर्चीतून उठतो. नायक तावातावाने दार उघडून गच्चीवर येतो, आपल्यावरचा आरोप नाकारतो, हातातली पाण्याची बाटली भिरकावतो आणि पुढच्याच श्वासात, काही घडलंच नाही अशा आवाजात मित्राला नमस्कार करतो. त्या सिनेमात काम केलेल्या ग्रेग सेस्टेरोने २०१३ साली पुस्तक लिहिलं. त्यावरून कळतं की या काही सेकंदांसाठी तीसहून अधिक टेक लागले होते. तीसहून अधिक! आणि आपण पडद्यावर बघतो तो त्यातला सर्वात चांगला म्हणून निवडलेला आहे.

सिनेमा मूळ भाषेत बघा, हवी तर खाली सबटायटल्स ठेवा. दुसऱ्या भाषेत डब केलेली आवृत्ती घेतली की डबिंग करणारे सराईत कलाकार मूळ नटाचा अडखळलेला सूर दुरुस्त करून टाकतात आणि आपली अर्धी गंमत जाते. वेग वाढवून बघू नका. अवघडलेली शांतता जेवढी लांब आहे तेवढी सोसायला हवी.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. जुन्या सिनेमात वरून माइक लोंबताना दिसला की लोक लगेच बनवणाऱ्यांना हसतात. दरवेळी दोष त्यांचा नसतो. अनेक सिनेमे उंच चौकटीत चित्रित होत आणि थिएटरात दाखवताना वरचा-खालचा भाग झाकला जाई. व्हिडिओसाठी तीच फिल्म न झाकता उतरवली की जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसू लागतं. म्हणून शक्यतो नीट तयार केलेली, मूळ चौकटीतली आवृत्ती मिळवा. ज्याने जी चूक केलीच नाही ती त्याच्या माथी मारू नये.

पायरी ४: पहिली वीस मिनिटं तोंड बंद

सिनेमा सुरू झाला की शेरेबाजीचा मोह होतो. आवरा. पहिली वीस मिनिटं एखादा उत्तम सिनेमा बघावा तशी, विश्वास ठेवून बघा. पात्रांची नावं, नाती, कुणाला काय हवंय, सगळं समजून घ्या. असं का, तर अपेक्षा तयार झाल्याशिवाय अपेक्षाभंग होत नाही.

मानसशास्त्रात याला जवळचा एक सिद्धांत आहे. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० साली मांडला. एखादा नियम मोडला जातो, पण त्यातून कुणाला इजा होत नाही, हे दोन्ही एकाच वेळी जाणवलं की हसू येतं, असं तो सांगतो. सिनेमाचे नियम आपल्याला न शिकवता येत असतात, हजारो तास बघून अंगात मुरलेले असतात. टुकार सिनेमा ते एकामागून एक मोडतो. पण ते मोडताना जाणवायचे, तर आपण सिनेमात शिरलेले हवं. बाहेर उभं राहून टिंगल करणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

पायरी ५: नेमकं काय बघायचं, काय ऐकायचं

आधी कान वापरा. हे मला ध्वनिमुद्रणात काम करणाऱ्या एका मित्राने शिकवलं. आम्ही पक्षी माणसांवर हल्ले करतात तो 'बर्डेमिक' (२०१०) बघत होतो. तो म्हणाला, "डोळे मीट आणि दोघं बोलतायत ते ऐक." मिटले. बाईचं वाक्य आलं, तिच्या मागे वाऱ्याची घोंघों. पुरुषाचं वाक्य आलं, घोंघों गायब, वेगळीच खरखर. पुन्हा बाई, पुन्हा वारा. दर शॉटला जग बदलत होतं. त्याने समजावलं की प्रत्येक जागेला स्वतःची एक शांतता असते. ध्वनिमुद्रक ती वेगळी मुद्रित करून ठेवतो आणि संकलनात सगळ्या वाक्यांखाली अंथरतो, म्हणून आपल्याला तुकड्यांमधले सांधे ऐकू येत नाहीत. इथे ते अंथरलेलंच नव्हतं. त्या दिवसानंतर मी चांगले सिनेमेही वेगळ्या कानांनी ऐकायला लागलो. टुकार सिनेमाचं हे देणं मी फार मोठं मानतो: उत्तम कारागिरी दिसत नाही, ती जिथे निखळते तिथेच कळते.

'मॅनोस'मध्ये तर चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतलाच नव्हता. हॅरल्ड वॉरन नावाच्या टेक्ससमधल्या खतविक्रेत्याने, आपणही सिनेमा काढू शकतो अशी पैज लावून तो काढला. कॅमेरा चावीचा, एका दमात जास्तीत जास्त ३२ सेकंद चालणारा. सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मोजक्या माणसांनी दिले. बघताना मनात ३२ मोजून बघा. संवाद रंगात यायच्या आत शॉट का तुटतो, ते लगेच उमगेल.

कानांनंतर डोळे. दोन शॉटमध्ये काय बदललं? 'प्लॅन नाइन'मध्ये एकाच प्रसंगात एका शॉटला लख्ख दिवस, दुसऱ्याला काळोखी रात्र आणि तिसऱ्याला पुन्हा दिवस असतो. स्मशानातले दगड कुणाचा धक्का लागला की हलतात. 'सामुराय कॉप' (१९९१) बघाल तेव्हा नायकाच्या केसांवर नजर ठेवा. काम संपलं समजून नटाने लांब केस कापून टाकले, काही महिन्यांनी दिग्दर्शकाने उरलेल्या दृश्यांसाठी परत बोलावलं आणि मग त्याला टोप चढवावा लागला. एकाच मारामारीत खरे केस आणि टोप आळीपाळीने दिसतात. पात्र कुठे बघतंय तेही तपासा. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर एकाची नजर डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे हवी. दोघंही एकाच बाजूला बघत असले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. काहीतरी खटकतंय एवढं कळतं, पण काय ते कळत नाही, असं झालं की सहसा दोष नजरांचा असतो.

मग कथेचे लोंबणारे धागे. यासाठी मी चक्क कागद-पेन घेऊन बसतो. 'द रूम'मध्ये नायिकेची आई, स्तनांचा कर्करोग झाल्याचं बोलता बोलता सांगून टाकते. मुलगी ते झटकून टाकते आणि नंतर त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. गच्चीवर पिस्तूल घेऊन आलेला अमली पदार्थांचा धंदेवाला एकदा येतो आणि कायमचा जातो. नायकाचा मानसोपचारतज्ज्ञ मित्र मध्येच नाहीसा होतो, आणि शेवटच्या पार्टीत एक परकाच माणूस जुन्या मित्रासारखा सल्ले देऊ लागतो. कारण? पहिल्या नटाला पुढच्या तारखा जमत नव्हत्या. त्याचे संवाद नव्या माणसाला देऊन टाकले, ओळख करून द्यायचं राहिलं.

आणि सगळ्यात शेवटी, संवादांची लय. यासाठी 'द रूम'मधलं फुलांच्या दुकानातलं दृश्य तीनदा बघा. दृश्य वीसेक सेकंदांचं. नायक गॉगल लावून आत येतो, गुलाब मागतो. दुकानदारीणबाईंना, तो कोण ते कळायला थोडा वेळ लागतो. तो किंमत विचारतो. प्रश्न नीट संपतोय न संपतोय तोच उत्तर हजर. पैसे, उरलेले ठेवून घ्या, काउंटरवर बसलेल्या कुत्र्याला थोपटून नमस्कार. बाई म्हणतात की तुम्ही माझे सगळ्यात लाडके गिऱ्हाईक. पण घटकेपूर्वी ओळखलं नव्हतं, ते आपल्याला आठवतं. तोवर तो बाहेरही पडलेला असतो. पहिल्यांदा बघताना नुसतं गरगरतं. दुसऱ्यांदा लक्षात येतं की प्रत्येक वाक्य एकेकटं अगदी साधं, रोजचं आहे. तिसऱ्यांदा कळतं की कुणीच कुणाचं ऐकत नाहीये. प्रत्येक जण आपलं वाक्य पोहोचवून मोकळा होतोय. अभिनय म्हणजे मुख्यतः ऐकणं असतं, हे मला व्याख्यानांतून जेवढं पटलं नाही तेवढं त्या वीस सेकंदांत पटलं.

पायरी ६: बोलायचं कधी

वीस मिनिटं झाली की बोलायला हरकत नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका. संवाद चालू असताना बोलायचं नाही. दोन संवादांच्या मधल्या फटीत बोलायचं. अशा सिनेमांत फटी भरपूर असतात. एका वेळी एकाने बोलावं आणि एका वाक्यात आटपावं. आपलं वाक्य पडलं तर समजावून सांगू नये.

या कलेचे उस्ताद बघायचे असतील तर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' बघा. जोएल हॉजसनने १९८८ साली मिनेसोटातल्या एका स्थानिक वाहिनीवर तो कार्यक्रम सुरू केला. पडद्याच्या खाली एक माणूस आणि दोन रोबो यांच्या सावल्या, समोर वाईट सिनेमा आणि त्यांची अखंड शेरेबाजी. ऐकताना उत्स्फूर्त वाटते, पण ती लिहून, बसवून केलेली असते. लेखकमंडळी एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघून एकेक फट हेरतात. विस्मृतीत गेलेला 'मॅनोस' १९९३ साली याच कार्यक्रमामुळे वर आला.

मोठ्या पडद्यावर, गर्दीत बघायची संधी आली तर सोडू नका. 'द रूम'च्या रात्रीच्या खेळांना लोक प्लास्टिकचे चमचे घेऊन जातात. नायकाच्या घरात टेबलावर चमच्याच्या फोटोची फ्रेम आहे. ती पडद्यावर दिसली की शेकडो चमचे हवेत. अनोळखी माणसांसोबत एकाच क्षणी एकच बारीकशी गोष्ट दिसल्याचा तो आनंद घरी बसून कळणार नाही.

पायरी ७: कशावर हसायचं नाही

ही पायरी लोक गाळतात, आणि मग एखादी संध्याकाळ कडवट होते. माझ्याकडे एकदा तशी झाली. कांती शाहचा 'गुंडा' (१९९८) लावला होता. त्यातले खलनायक यमक जुळवून आपली ओळख करून देतात, ते अफाट आहे आणि त्याची कीर्ती रास्त आहे. पण त्याच सिनेमात बायकांवरचे अत्याचारही आहेत. मी आधी सांगितलं नव्हतं. आमच्यातली एक मैत्रीण गप्प झाली, थोड्या वेळाने उठून गेली. तेव्हापासून सिनेमात काय आहे ते मी आधी स्पष्ट सांगतो, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी दुसरा सिनेमा तयार ठेवतो. यमकं वाईट आहेत म्हणून हसायचं. बाईचं दुःख वाईट चित्रित झालंय म्हणून हसायचं नाही. चुकून झालेल्या आणि हीन वृत्तीतून झालेल्या वाईटपणात अंतर आहे.

नटांच्या रूपावर, शरीरावर, उच्चारांवर शेरे नकोत. आणि मुलं असतील तर अजिबात नकोत. 'मॅनोस'मधल्या छोट्या मुलीचा आवाज एका मोठ्या बाईने दिलेला आहे. तो ऐकायला फारच विचित्र लागतो. पहिल्या खेळाला ती मुलगी आपल्या कुटुंबासोबत नटूनथटून गेली होती, आणि आपल्या तोंडून भलत्याच कुणाचा आवाज आलेला ऐकून तिला रडू कोसळलं. हे वाचल्यापासून त्या आवाजाला मी हसू शकलेलो नाही.

असे सिनेमे आवडणं म्हणजे अभिरुची खालावल्याचं लक्षण, असं कुणी म्हणालं तर त्यांना फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगा. टुकार सिनेमांचे नेमाने बघणारे प्रेक्षक सरासरीपेक्षा जास्त शिकलेले आणि गंभीर कलेपासून सगळंच आवडीने बघणारे असल्याचं त्यांना आढळलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. चांगलं काय ते नीट माहीत असलेल्यालाच वाईटाचा पोत कळतो.

पायरी ८: संपल्यावर लगेच उठू नका

श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. तीच ती आडनावं किती वेळा येतात ते मोजा. घरातली किती माणसं कामाला लावली होती त्याचा अंदाज येतो. नंतर पंधरावीस मिनिटं बोला. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: या माणसाला नक्की कुठला सिनेमा बनवायचा होता? 'बर्डेमिक'च्या जेम्स न्वेनला पर्यावरणाच्या विनाशाबद्दल इशारा द्यायचा होता आणि 'द बर्ड्स'वाल्या हिचकॉकला मानवंदनाही. पडद्यावर मात्र एकाच जागी पंख हलवणारे, कापून चिकटवल्यासारखे पक्षी आले. लोक त्यांना कपड्यांचे हँगर फिरवून हाकलतात. त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा, २००९ साली, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाच्या गावात तो खोटे पक्षी लावलेली गाडी घेऊन फिरला. गाडीवर सिनेमाचं नाव होतं, त्यातलं एक अक्षर गळालेलं. डोक्यातला सिनेमा आणि पडद्यावरचा सिनेमा यांत किती कोसांचं अंतर आहे ते मोजायचा हा प्रश्न विचारला की चर्चा टिंगलीवरून आपोआप वर उठते.

सिनेमा बनला कसा, ते दुसऱ्या दिवशी वाचा किंवा बघा. त्याच रात्री नको. आणि 'ट्रोल टू' बघितला असेल तर 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' (२००९) हा माहितीपट चुकवू नका. 'ट्रोल टू'मध्ये लहान मुलाचं काम केलेल्या मायकल स्टीफनसनने मोठेपणी तो काढला. पडद्यावर त्याच्या वडिलांची भूमिका केलेले जॉर्ज हार्डी हे पेशाने दंतवैद्य. सिनेमा संपल्यावर ते आपल्या दवाखान्यात परतले होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांना कळतं की भरलेली थिएटरं त्यांचे संवाद तोंडपाठ म्हणतायत. माहितीपटात ते प्रेक्षकांसमोर उभे राहून आपला एक गाजलेला संवाद पुन्हा म्हणतात आणि सगळं सभागृह त्यांच्या सुरात सूर मिळवतं. त्यांचा त्या वेळचा चेहरा बघा, आणि मग 'ट्रोल टू' पुन्हा पहिल्यापासून लावा.